सकाळचं काय?

पुंता अरेनासच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
वाऱ्याने खिडक्या खडखडतात
आणि समोरच्या खुर्चीतले आजोबा विचारतात,
"कुणाला घेऊन आलास, बाळा?"
वडिलांना, मी म्हणतो.
वडील जाऊन दोन वर्षं झाली.
खोटं बोलायला मेलेला बापही पुरतो.

मी गास्पार. वय अठ्ठावीस.
खेकड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला नांग्या फोडतो.
माझ्या मनगटांची ताकद अख्ख्या पाळीला ठाऊक आहे.
उरलेलं यास्नाला.

आठ महिने.
पहिल्यांदा हसलो, दारूवर ढकललं.
दुसऱ्यांदा थकव्यावर.
तिसऱ्यांदा ती म्हणाली, "असू दे."
ते "असू दे" मग रात्रभर
नळासारखं ठिबकत राहिलं.
त्यानंतर मी कामावरून उशिरा यायला लागलो
आणि ती झोपेचं सोंग घ्यायला.
सोंगात दोघंही तरबेज.

फेरीबोटीच्या धक्क्यावर एक जण गोळ्या विकतो,
वर्तमानपत्राच्या पुडीत, बिननावाच्या.
घेतली एक.
कान तापले, डोकं ठणकलं, छाती धाडधाड.
सगळं अंग जागं झालं,
तेवढं सोडून.

डॉक्टर मान्सिया हवापाणी विचारावं तसं विचारतात,
"सकाळचं काय?"
"काय सकाळचं?"
"जाग येते तेव्हा. तुझ्याआधी तो उठलेला असतो का?"
मला सकाळच नसते, बाई.
नऊला पडदे ओढून झोपतो.
पण हो, दुपारी उठताना. कधी कधी.
त्यांचं पेन थांबतं.
"मग नळ ठीक आहे. पाणी घाबरलंय."

तरीही दंडाला पट्टा बांधतात.
साखर, वजन, सिगारेटी किती, झोप किती तास.
"ही शीर बारीक. मोठी शीर बिघडायच्या आधी
कधी कधी हीच कुरकुरते.
म्हणून छातीही बघू.
हार्मोनचं रक्त सकाळी द्यायचं,
म्हणजे तुझ्या सकाळी, उठल्या उठल्या.
मनासाठी काही घेतोस?"
बाप गेल्यापासून, एक पांढरी गोळी.
"खोक्यातला घडीचा कागद वाचलास?"
कोण वाचतो?
"त्यात लिहिलंय हे. बारीक अक्षरात.
आपल्या मनाने बंद करू नकोस हं,
मी बोलते तुझ्या त्या डॉक्टरांशी."

म्हणजे आठ महिने
मी माझ्या मर्दपणाचं सुतक पाळत होतो
आणि उत्तर बाथरूमच्या फळीवर,
दात घासायच्या ब्रशाशेजारी.
अर्धं उत्तर. बाकीचं अर्धं माझी भीती,
दर वेळी दाराआड कान लावून बसलेली.

त्या एक गोळी लिहून देतात, नाव असलेली, औषधाच्या दुकानातली.
माझा चेहरा पडतो.
त्या खिडकीबाहेर बोट दाखवतात:
खाली चौकात वाऱ्यासाठी दोर बांधलेत,
पोलीस, शाळकरी पोरं, एक पाद्री,
सगळे धरून धरून पलीकडे जातायत.
दोराची कुणाला लाज नाही.
"वारा पडला की सोडतात," त्या म्हणतात.

आणि गृहपाठ: पंधरा दिवस मनाई.
पाठ, मान, तळवे, काय हवं ते.
त्यापुढे जायचं नाही,
जावंसं वाटलं तरी.

बाहेर आजोबा अजून बसलेले.
"वडील कुठायत?"
मीच आलो होतो, मी म्हणतो.
ते टोपी सारखी करतात.
"मीही मीच आलोय. फक्त चाळीस वर्षं उशिरा."

रात्री सुट्टी. यास्नाला सगळं सांगितलं,
पांढऱ्या गोळीपासून पाद्र्यापर्यंत.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग आपले बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांना लावले,
माझ्या हातावरचे खेकड्याचे ओरखडे मोजायला लागली,
सोळा, सतरा,
कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत,
मग खाली.
"ए," मी म्हणालो, "तिकडे मनाई आहे."

ती अशी खदखदून हसली
की शेजारच्या म्हातारीने भिंतीवर काठी आपटली.